सारखेपणाचा देह

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यात चर्चच्या आवाराला फाटक असतं आणि पुष्कळ ठिकाणी त्या फाटकावर छोटंसं छप्परही असतं. फाटकाला छप्पर कशाला, असं नवख्या माणसाला वाटतं. पावसाचा आडोसा हवा तर चर्च समोरच आहे. पण हे छप्पर खांद्यावरून येणाऱ्यासाठी आहे. अंत्ययात्रा इथवर यायची, तिरडी छपराखाली टेकवली जायची, खांदेकरी दम घ्यायचे. आतून पाद्री यायचा, पहिली प्रार्थना म्हणायचा आणि मग प्रेत आत न्यायचं. आपल्याकडे स्मशानाच्या वाटेवर विसावा असतो, तसाच हा एक विसावा. याला म्हणतात लिच-गेट. यातलं गेट आपल्या ओळखीचं आहे. लिच म्हणजे प्रेत.

आजच्या इंग्रजीत प्रेताला कोणी लिच म्हणत नाही. असल्या दोन-चार जोडशब्दांत अडकून राहिलेला हा शब्द एरवी भाषेतून उठून गेला आहे. आणि तरी इंग्रजी बोलणारा माणूस त्याला तोंडी घेतल्याशिवाय दोन मिनिटं बोलू शकत नाही. 'लाइक' म्हटलं की तो आला. 'सच' म्हटलं, 'विच' म्हटलं, 'ईच' म्हटलं, तरी तोच आला. 'डेली', 'फ्रेंडली', 'स्लोली' यांच्या शेपटाशी तोच आहे. एखादी गोष्ट दुसरीसारखी आहे, एवढं साधं सांगायला इंग्रजीने एक आख्खा देह खर्ची घातला. तो कसा, त्याचा हा मागोवा.

*

सुरुवातीला हा देह जिवंत होता. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या सगळ्या ज्या एका घराण्यातल्या, त्या जर्मानिक कुळात 'लीक' अशासारखा एक शब्द होता आणि त्याचा अर्थ होता अंग, शरीर, आकार. पुढे घरोघरी त्याचा अर्थ थंड पडत गेला. जर्मनमधला 'लाइशे' म्हणजे प्रेत, स्वीडिशमधला 'लीक' म्हणजेही प्रेतच. यात नवल काही नाही. इस्पितळाच्या खिडकीशी आपण "बॉडी कधी मिळेल?" असं विचारतो, तेव्हा जिवंत माणसाची चौकशी करत नसतो. देहाचे शब्द असे हळूहळू मरणाकडे सरकतात.

हा शब्द जिवंत असताना कसा दिसत होता, ते पाहायला चौथ्या शतकात जावं लागतं. डॅन्यूब नदीच्या आसपास गॉथ नावाचे लोक राहत. वुल्फिला हा त्यांचा बिशप. त्याने गॉथिक भाषेसाठी लिपी घडवली आणि बायबलचं भाषांतर केलं. त्या भाषांतराची पुढे सहाव्या शतकात इटलीत केलेली एक देखणी प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने लिहिलेली, आज स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. इंग्रजीच्या या गॉथिक चुलत आजीकडे 'लीक' म्हणजे सरळ देह. आणि त्याला 'सह' या अर्थाचा 'ग' हा उपसर्ग लावून झालेला 'गलीक्स' म्हणजे सारखा. एकाच उदरातून आलेला तो सहोदर, तसा एकाच अंगाचा तो गलीक्स.

हा शब्द तेव्हा किती नाजूक जागी उभा होता, याची एक गोष्ट आहे. ख्रिस्ती जगात त्या शतकात मोठा वाद पेटला होता: पुत्र येशू हा पित्याशी तत्त्वाने एकच आहे, की पित्यासारखा आहे? ग्रीकमध्ये या दोन मतांच्या नावांत एका बारीक अक्षराचा फरक होता आणि त्या अक्षरापायी परिषदा भरत होत्या, बिशप हद्दपार होत होते. वुल्फिला 'सारखा' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा. फिलिप्पैकरांस पत्रात जिथे मूळ ग्रीकमध्ये 'देवासमान' असा, बरोबरीचा शब्द आहे, तिथे त्याने बरोबरीसाठी असलेला गॉथिक शब्द न घेता 'गलीक्स'चं रूप वापरलं. देवाच्या बरोबरीचा नव्हे, देवासारखा. काही अभ्यासकांना त्यात भाषांतरकाराच्या मताची सावली दिसते. 'समान' आणि 'सारखा' यांतली फट एवढीशीच, पण त्यात धर्मपीठं अडकली.

*

इंग्लंडमध्ये हाच शब्द जुन्या इंग्रजीत 'लीच' झाला आणि 'गलीक्स'चा झाला 'येलीच'. उपसर्गातला ग मऊ होऊन य झाला. अर्थ तोच, सह-देह. आणि जसं मराठीत आपण 'पक्ष्यासारखा' म्हणताना पक्षी या शब्दाचं सामान्यरूप करतो, तसंच 'येलीच'च्या जोडीला येणारं नाम चतुर्थीत जाई.

पण तेव्हाचे कवी हा शब्द फार जपून वापरत. 'बेओवुल्फ' हे जुन्या इंग्रजीतलं सर्वांत मोठं वीरकाव्य, ३,१८२ ओळींचं. त्याची एकच हस्तलिखित प्रत साधारण १०००च्या सुमारासची आहे, ती १७३१च्या आगीत कडेने होरपळली आणि आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. एवढ्या ओळींत उपमा बोटांवर मोजण्याइतक्या. त्या कवींचा जीव रूपकात रमे: समुद्राला देवमाशाची वाट म्हणायचं, शरीराला हाडांचं घर म्हणायचं. 'सारखा' म्हणून दोन वस्तू शेजारी उभ्या करण्यापेक्षा एकीचं नाव दुसरीला देऊन टाकायचं. आणि उपमा दिलीच तर ती कशी? फेसाळलेल्या लाटांवरून जाणारं जहाज पक्ष्यासारखं. राक्षसाच्या डोळ्यांतला उजेड ज्वाळेसारखा. राक्षसी रक्ताने वितळलेली तलवार बर्फासारखी. तिन्ही ठिकाणी शब्द साधा 'येलीच' नाही, त्याचं तमभाव दाखवणारं रूप आहे, 'येलीकोस्त'. म्हणजे 'सर्वांत सारखं'. जणू सारखेपणालाही पायऱ्या असतात आणि कवी म्हणतो आहे, जगातल्या सगळ्या वस्तू या जहाजाच्या शेजारी लावून पाहिल्या, सगळ्यांत जवळचा देह पक्ष्याचा निघाला.

*

पण या शब्दाची खरी करामत काव्यात नाही, घरगुती सर्वनामांत आहे.

जुन्या इंग्रजीत 'स्वा' म्हणजे तसं. त्याला 'लीच' जोडला: स्वा-लीच, 'तशा देहाचा'. त्याचा झाला 'स्विल्च', मग 'स्विच', मग आजचा 'सच'. प्रश्नवाचक शब्दाला 'लीच' जोडला: 'कशा देहाचा'. तो 'ह्विल्च', मग 'विच'. 'नेहमी' या अर्थाच्या 'आ'ला 'येलीच' जोडला: 'नेहमी सारखा', 'दरवेळी तोच'. त्याचा झाला 'ऍल्च' आणि पुढे 'ईच', म्हणजे प्रत्येक. त्या 'ऍल्च'च्या आधी पुन्हा एकदा 'सदैव' लावून बनला 'एव्हरी'. 'तोच' या अर्थाचा 'इल्का' हाही याच गोतावळ्यातला. झिजता झिजता यांतल्या बहुतेकांचा ल गेला, स्वर गेले. 'सच' या शब्दात देहाचा उरला तो शेवटचा एक च.

मराठी वाचकाने इथे थोडं थांबावं, कारण हे दुकान आपल्या ओळखीचं आहे. असा, तसा, जसा, कसा हे आपले चार भाऊ याच पद्धतीने बनले आहेत. संस्कृतात ईदृश, तादृश, यादृश, कीदृश. प्रत्येकाच्या पोटात 'दृश्' हा पाहण्याचा धातू. तादृश म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा. प्राकृत-अपभ्रंशातून घासत येऊन त्यांचे ऐसा, तैसा, जैसा, कैसा झाले. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा दृष्टांतांमागून दृष्टांत याच जैसा-तैसाच्या जोडीवर तोलले गेले. त्याच शतकात तिकडे इंग्लंडमध्ये 'स्विल्च'चा 'स्विच' होत होता. दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली: दर्शक आणि प्रश्नार्थक शब्दांना सारखेपणाची शेपटी लावली आणि ती शेपटी झिजू दिली. आपल्या 'कसा'मध्ये दृश्चा उरला तो एक स; त्यांच्या 'विच'मध्ये लीचचा उरला तो एक च.

फरक आहे तो शेपटी कशाची होती यात. आपला 'सारखा' हा संस्कृत 'सदृक्ष'पासून आला, प्राकृतात 'सरिक्ख' होऊन. म्हणजे सारखं दिसणारा. आपल्या लेखी सारखेपणा पाहणाऱ्याच्या डोळ्यात घडतो. इंग्रजीच्या लेखी तो वस्तूच्या अंगात असतो. आपण म्हणतो, हा त्याच्यासारखा दिसतो. ते म्हणत, याला त्याचंच अंग आहे. 'सारखा'चा आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे, पोर सारखं रडतंय मधला, म्हणजे न थांबता. सारखेपणातून सातत्य. 'नेहमी सारखा' असं म्हणत 'ईच' घडवणाऱ्यांना हा अर्थ लगेच कळला असता.

*

देहाने यानंतर जे केलं ते त्याहून मोठं आहे. तो प्रत्यय झाला.

'फ्रेओंद' म्हणजे मित्र. त्याला लीच लावला की 'मित्राच्या अंगाचा', मित्रासारखा. तोच आजचा 'फ्रेंडली'. स्वर्गाच्या शब्दाला लावला की 'हेवनली', दिवसाला लावला की 'डेली'. या विशेषणांच्या शेवटी एक 'ए' जोडला की क्रियाविशेषण तयार: 'लीचे'. मध्ययुगात शेवटचे असे स्वर झडले तेव्हा हा 'ए'ही गेला आणि विशेषण-क्रियाविशेषण एका रूपात मिसळले. दक्षिणेत हा प्रत्यय 'लिचे' होता, उत्तरेत 'लिक'. शेवटी 'ली' हे तोकडं रूप जिंकलं. जर्मनमध्ये त्याचाच भाऊ 'लिश' आजही आहे.

थोडक्यात, इंग्रजीत तुम्ही 'हळू' म्हणता तेव्हा मुळात 'हळू अंगाने' म्हणत असता. इंग्लिश खाडीच्या पलीकडे मात्र वेगळाच व्यवहार झाला. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या लॅटिनच्या लेकींनी क्रियाविशेषणं बनवायला लॅटिनमधला 'मेन्ते' घेतला, म्हणजे 'मनाने'. तिथे माणूस 'हळू मनाने' चालतो, इंग्रजीत 'हळू देहाने', आणि आपण 'हळूच' म्हणून मोकळे होतो. मन, देह आणि डोळा: तीन भाषाकुटुंबांनी आपापल्या पोतडीतून एकेक वस्तू काढली आणि व्याकरणात जिरवली.

*

आठव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग लुटायला आले आणि बरेचसे तिथेच शेती करून राहिले. त्यांची नॉर्स भाषा जुन्या इंग्रजीच्या इतकी जवळची की बाजारात दोघांचं भागत असावं. शेजाराने शेजार बदलतो, तशी इंग्रजी बदलली. 'ते' या अर्थाचं 'दे' हे सर्वनामसुद्धा तिने या शेजाऱ्यांकडून घेतलं. ज्या भाषेने सर्वनाम उसनं घेतलं तिला सारखेपणाचे शब्द घ्यायला संकोच कसला?

पहिला आला 'सेम'. 'तोच' म्हणायला घरचा 'इल्का' होता, पण १२००च्या सुमारास नॉर्स 'सेम' दिसू लागतो आणि हळूहळू 'इल्का'ला घराबाहेर काढतो. 'इल्का' स्कॉटलंडमध्ये जाऊन राहिला. तिथे गावाचं आणि घराण्याचं नाव एकच असलेला जमीनदार स्वतःला 'अमुक, ऑफ दॅट इल्क' म्हणवतो, म्हणजे 'त्याच गावचा'. आडनाव सातारकर आणि जहागीरही साताऱ्याची, असा प्रकार. हा अर्थ न कळल्याने पुढे लोक 'इल्क' म्हणजे जातकुळी समजू लागले, आणि आजच्या इंग्रजीत तो तसाच, जरा नाक मुरडून वापरला जातो.

'सेम' हा आपला लांबचा नातेवाईक आहे. संस्कृतमधला सम, ग्रीकमधला होमोस, लॅटिनमधला सिमिलिस आणि हा नॉर्स सेम, सगळे एकाच मुळाचे. 'एक' हा त्या मुळाचा अर्थ. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलाने इंग्रजी शाळेत 'सेम टू सेम' म्हटलं तर हजारो मैलांवरून भटकून आलेल्या आपल्याच 'सम'ला तो दोनदा हाक मारत असतो. 'विन्सम', 'हँडसम' यांच्या शेवटचा 'सम'ही त्याच कुळातला. आणि 'दिसतं, वाटतं' या अर्थाचा 'सीम' हाही नॉर्समधून आलेला. मूळ अर्थ 'साजणं, योग्य असणं'. जे सारखं ते जुळतं, जे जुळतं ते साजतं, जे साजतं ते तसं दिसतं. ही साखळी लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

शेजाऱ्यांनी उच्चारावरही हात फिरवला. दक्षिणेत जिथे च, तिथे उत्तरेत क. दक्षिणेचा माणूस 'स्विच', 'विच' म्हणे, उत्तरेचा 'स्विल्क', 'व्हिल्क'. चौदाव्या शतकाच्या शेवटी जेफ्री चॉसरने 'कँटरबरी टेल्स' लिहिताना कारभाऱ्याच्या कथेत केंब्रिजमधले दोन विद्यार्थी आणले, मूळचे दूर उत्तरेचे. त्यांच्या तोंडी त्याने मुद्दाम हे क-कारी उत्तरी शब्द घातले. लंडनच्या श्रोत्यांना त्याची गंमत वाटत असणार. पुण्याच्या नाटकात कोल्हापूरचा गडी 'आसं' म्हणाला की प्रेक्षागृहात होतं तशी. अखेरीस लंडनच्या बोलीतून जी प्रमाण इंग्रजी बनली तिने दोन्हीकडचं घेतलं. 'सच', 'विच', 'ईच' दक्षिणेचे राहिले. आणि 'येलीच'चा उपसर्ग गळून पडल्यावर जो उरला, तो मात्र उत्तरेच्या क-सकट: 'लाइक'.

*

आता त्या इवल्याशा 'ऍज'कडे वळू, कारण इंग्रजी उपमेचा अर्धा भार तोच वाहतो.

जुन्या इंग्रजीत 'बर्फासारखं पांढरं' म्हणायला 'स्वा' दोनदा येई: तसं पांढरं, तसं बर्फ. या 'स्वा'वर जोर द्यायचा तर पुढे 'आल', म्हणजे 'सगळं', लावत. आल्स्वा: 'अगदी तसंच'. हा जोर रोजच्या वापराने बोथट झाला. 'आल्स्वा'चा 'आल्सो', त्याचा 'आल्से', त्याचा 'आल्स', त्याचा 'ऍज'. आजचा 'ऑल्सो' आणि आजचा 'ऍज' हे एकाच शब्दाचे दोन तुकडे आहेत. जिथे आघात राहिला तिथे 'ऑल्सो' वाचला. जिथे घाईत उच्चारला गेला तिथे 'ऍज' उरला. जर्मनमध्ये मधलीच पायरी 'आल्स' म्हणून गोठून राहिली आहे. 'अगदी' म्हणून लावलेला शब्दच पुढे नुसता तराजूचा काटा झाला. 'सच ऍज' ही आजची जोडी सोलून पाहिली तर आत निघतं: 'तशा-देहाचं, अगदी-तसं'.

या काट्यामुळे इंग्रजी उपमा हलकी आणि चपळ झाली. बेओवुल्फच्या कवीने तीन हजार ओळींत मूठभर उपमा दिल्या; चॉसर एका प्रस्तावनेत त्यांची उधळण करतो. भिक्षेकरी साधूची मान कुमुदासारखी पांढरी, त्याचे डोळे थंडीच्या रात्रीतल्या ताऱ्यांसारखे लुकलुकणारे, तरुण सरदारपुत्र मे महिन्यासारखा ताजा, पिठाच्या गिरणीवाल्याची दाढी डुकरिणीसारखी किंवा कोल्ह्यासारखी तांबडी. 'सर्वांत सारखं' असं शपथेवर सांगण्याची गरज उरली नव्हती. सारखेपणा आता बाजारात सुट्या नाण्यांत मिळत होता.

१०६६ साली नॉर्मन आले आणि त्यांच्या मागून फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचे गाडे आले. 'रिझेंबल', 'सेंब्लन्स', 'सिमिलिट्यूड', 'ईक्वल', पुढे सतराव्या शतकात 'सिमिलर'. हे शब्द न्यायालयात, प्रवचनात आणि ग्रंथात बसले. आपल्याकडे 'सदृश', 'तुल्य', 'अनुरूप' हे जिथे बसतात तिथेच. स्वयंपाकघरात आणि गोठ्यात 'लाइक'च राहिला. एका कोड्याचं उत्तर मात्र फ्रेंचने दिलं. 'लीच' मेला तो याच काळात. शरीरासाठी घरचाच 'बॉडी' पुढे आला आणि प्रेतासाठी लॅटिनमधला 'कॉर्प्स' फ्रेंचमार्फत आला. शिवाय दक्षिणेत 'लिच' म्हणजे प्रेत आणि 'लिच' म्हणजे सारखा हे दोन्ही कानाला एकच लागू लागले होते. दोघांपैकी ज्याचं काम इतरांनी वाटून घेतलं होतं, तो गेला.

*

राहता राहिला तो इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मराठी पोराला पडणारा प्रश्न. 'लाइक' म्हणजे आवडणं असं शिकवलं, आणि चार धड्यांनंतर 'लाइक' म्हणजे सारखा. हे काय?

जुन्या इंग्रजीत याच देहापासून 'लीकियान' हे क्रियापद होतं. त्याचा अर्थ आवडणं नव्हे, आवडता असणं, मनाला भावणं. साखळी वर आलीच आहे: जे सारख्या घडणीचं, ते जुळतं, जे जुळतं, ते रुचतं. मराठीतही एखादी गोष्ट 'पटते' तेव्हा ती आधी कुठेतरी जुळलेली असते. आणि या क्रियापदाची वाक्यरचना पाहिली तर मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. तेव्हाचा इंग्रज 'मी पसंत करतो' म्हणत नसे, तो म्हणे 'मला आवडतं'. आवडणारी वस्तू कर्ता, आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी ही उलथापालथ समजवायला एक वाक्य बनवलं, ते अभ्यासकांत प्रसिद्ध आहे: राजाला नासपती आवडल्या. जुन्या इंग्रजीत 'राजाला' स्पष्ट चतुर्थीत, आणि क्रियापद अनेकवचनी, कारण नासपती अनेक. मराठीतही 'राजाला आवडल्या' मधलं 'आवडल्या' राजाकडे पाहत नाही, नासपतींकडे पाहतं. मग मध्ययुगात विभक्तिप्रत्यय झडले. 'राजाला' आणि 'राजा' यांत फरक राहिला नाही. क्रियापदाचं अनेकवचनही गेलं. वाक्यात आधी उभा असतो तो कर्ता, अशी सवय इंग्रजीला लागली होती. वाक्यात पहिला उभा होता राजा. एकही शब्द जागचा हलला नाही, पण राजा कर्ता झाला आणि नासपती कर्म. चौदाव्या ते सोळाव्या शतकात दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदल्या. शेक्सपिअरच्या पात्रांच्या तोंडी 'तुम्हाला रुचलं तर' या घाटाची जुनी रचनाही येते. मग 'आय लाइक' उरलं. 'मला वाटतं'साठीचं 'मीथिंक्स' तेवढं जुन्या काळचा अंगरखा घालून अजून कधी कधी दिसतं.

आपण विभक्तिप्रत्यय सांभाळले, म्हणून 'मला आवडतं' म्हणू शकतो. आवड माणसाकडे येते, माणूस ती करत नाही, ही जुनी समज मराठीच्या व्याकरणात अजून शाबूत आहे. इंग्रजीने ती समज बदलली असं नाही. तिच्या शब्दांची टोकं झिजली आणि समज त्या झिजण्यातून निसटली.

*

देह गेला, तरी त्याची भुतं इंग्लंडभर आहेत. यॉर्कशरमध्ये प्रेताशेजारी रात्र जागवण्याला 'लाइक-वेक' म्हणत. त्या जागराचं एक गाणं सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने टिपून ठेवलं. तिथल्या माळरानावरून ४० मैलांची एक पायवाट १९५५पासून याच नावाने चालली जाते. स्टॅफर्डशरमधल्या लिचफील्ड या शहराबद्दल मात्र घोटाळा झाला. तिथे जन्मलेल्या सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशात 'लिच' या नोंदीखाली हे शहर घेतलं, 'प्रेतांचं रान' असा अर्थ दिला, हुतात्मा ख्रिस्ती लोकांवरून नाव पडल्याचं सांगितलं आणि भर कोशात लॅटिनमध्ये जन्मगावाला नमस्कारही घातला. माया खरी, व्युत्पत्ती खोटी. त्या नावातला 'लिच' मुळात इंग्रजी नाहीच; इंग्रज येण्याआधीच्या केल्टिक लोकांनी तिथल्या करड्या रानाला दिलेल्या नावातून तो आला आहे. आणि अलीकडे तलवारी-जादूच्या खेळांत 'लिच' म्हणून एक न मरणारा मांत्रिक फिरतो. इतर सगळे अर्थ गेल्यावर प्रेत तेवढं असं उठून बसलं.

जे शब्द झिजून गेले आहेत त्यांना बोलणारा माणूस पुन्हा नव्याने तेच जोडतो. 'ली'मधला देह दिसेनासा झाला, तेव्हा इंग्रजीने मध्ययुगाच्या अखेरीपासून 'लाइक' हाच शब्द पुन्हा शेपटीला लावायला घेतला: 'गॉडली' होताच, वर 'गॉडलाइक' आला. 'लाइकली' या शब्दात तर पुढचं अंग आणि मागचं अंग एकच आहे, देह-देह. शक्यता सांगायला दोन प्रेतं. पण हसण्याआधी आपलंच एक वाक्य घ्यावं. 'पोरगा बापासारखा दिसतो.' सारखा हा सदृक्षचा, दिसणं हे दृश्यतेचं. दोन्हींत तोच दृश्. आपणही एकाच डोळ्याने दोनदा पाहतो आणि दोन्ही वेळा डोळा जाणवत नाही.

जेम्स मोल्सवर्थने मुंबईत कँडी बंधूंच्या मदतीने मराठी-इंग्रजी कोश रचला. १८३१ साली पहिली आवृत्ती, १८५७ साली दुसरी. त्यात 'सारखा'समोर इंग्रजीत 'लाइक' आहे. कोशकाराने दोन रोजचे शब्द शेजारी लावले आणि पुढच्या नोंदीकडे गेला. त्या ओळीत एका बाजूला मिटलेला डोळा आहे आणि दुसऱ्या बाजूला विसरलेला देह. दोघांत दिसण्यात काही साम्य नाही, अंगानेही नाही. तरी एक दुसऱ्यासारखा आहे, हे कोशात छापलेलं आहे आणि ते खरं आहे.